उंबऱ्यावरचे चाचा

लोणावळ्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी दारांना कुलपं बसवली, पण त्यातल्या एकाही घरात ते आत गेले नाहीत. दोन्ही पाय बाहेर सोडून उंबऱ्यावर बसायचे, दार आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि कामाला लागायचे. आतल्या खोलीचं कुलूप असेल तर दार बिजागरीतून काढून बाहेर आणा म्हणायचे. त्यासाठी वेगळा सुतार बोलवावा लागे. लोक वैतागायचे, पण कुलूप त्यांनीच बसवावं असं वाटायचं, म्हणून सुतारही बोलवायचे.

सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मीही. बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, फळ्यांचं खोकं. आत किल्ल्या कापायचं यंत्र, एक स्टूल, आणि भिंतीवर तारेत ओवलेल्या पन्नासएक किल्ल्या. लोकांनी करायला टाकलेल्या आणि कधीच न नेलेल्या. काहींना वीस-वीस वर्षं झालेली.

मी एकदा म्हटलं, "भंगारात घाला की आता."

"आक्का, कुलूप कुठंतरी वाट बघत असेल ना."

मला असली बोलणी आवडत नाहीत. कुलूप कुणाची वाट बघत नाही. पण हा माणूस कुलपांशी बोलायचासुद्धा. जुन्या पितळी कुलपाला अहो-जाहो करायचे. "अहो, जरा सैल व्हा, तेल आणलंय." नव्या कुलपाला अरे-तुरे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं डोकं फिरलंय. नंतर कळलं, डोकं जागेवर आहे, बाकी सगळं फिरलंय.

किल्ली हातात आली की ते आधी नाकाला लावायचे. एका बाईंना म्हणाले, "हिंगाच्या डब्यात ठेवता ना? जागा बदला. मला कळलं म्हणजे दुसऱ्यालाही कळेल."  एका जावयाला सासूच्या कपाटाची किल्ली करून हवी होती. चाचांनी किल्ली हुंगली आणि परत त्याच्या हातात ठेवली. "सासूबाईंना घेऊन या." जावई चिडला, दुप्पट पैसे देतो म्हणाला. "मग त्यांना रिक्षानं आणा," चाचा म्हणाले. मी स्वतः तिथं उभी होते. जावई परत आला नाही.

मी कुरवंड्याची. चौथीपर्यंत शिकले, पुढं भात आणि गुरं. गुरं विकली, तेव्हापासून बंगल्यांची कामं करते. चार बंगले, चारही पुण्याच्या एका बाईंचे. बाई तिथं राहत नाहीत. शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्यानं देतात. पाहुणे गेले की चादरी, भांडी, बाथरूम, फरशी, सगळं माझ्याकडे.

तेव्हा प्रत्येक दाराशेजारी भिंतीवर एक लोखंडी डबी असायची. तिला लॉकबॉक्स म्हणतात, आम्ही डबीच म्हणायचो. डबीवर आकड्यांची चार चाकं. आकडा जुळला की डबी उघडते, आत किल्ली. बाई पाहुण्यांना फोनवर आकडा कळवायच्या, पाहुणे येऊन किल्ली घ्यायचे, जाताना परत ठेवायचे. मग मी साफसफाई करायची आणि बाई सांगतील तो नवा आकडा डबीला लावायचा. चार बंगले, चार डब्या, दर आठवड्याला चार नवे आकडे.

माझे हात कायम ओले. कागद भिजतो, पेन सापडत नाही, फोन साधा आहे आणि त्यात लिहायला मला येत नाही. मग मी युक्ती केली. फरशी पुसून झाली की उंबऱ्याबाहेर मी रांगोळी काढायचेच. तिच्या ठिपक्यांतच आकडा ठेवायला लागले. पहिल्या ओळीत तीन ठिपके, दुसरीत सात, तिसरीत दोन, चौथीत पाच. शून्य आलं तर त्या ओळीला एक फूल. वरून चार रेघा ओढल्या की झाली नक्षी. पोर्चला वर छप्पर, त्यामुळे पावसानं जायची नाही. पुढच्या खेपेला आले की उंबऱ्यापाशी बघायचं आणि डबी उघडायची. दोन वर्षं मी एकही आकडा विसरले नाही. मला स्वतःचं कौतुक वाटायचं, हे खोटं कशाला बोलू.

एका गुरुवारी मी एका बंगल्यावर गेले तर बाथरूम ओलं. एक टॉवेल वापरलेला. गॅसवर चहाचं पातेलं, आणि ओट्यावर एक धुतलेला कप. पाहुणे तर रविवारीच गेलेले, आणि सोमवारी मी सगळं कोरडं करून आले होते. चोरीला काही गेलं नव्हतं. मी लगेच बाईंना फोन केला.

बाईंनी आधी काही गेलंय का ते विचारलं. मग म्हणाल्या, "मावशी, डबी फोडलीय?"

"न्हाई. जशीच्या तशी हाय."

"आकडा तुम्हाला आणि मलाच माहीत आहे. आणि कप धुऊन ठेवलाय म्हणता. परका माणूस कप धुईल का?"

मला बोलण्याचा रोख कळला. "बाई, मी कप धुतला असता तर पालथा घातला असता. ह्यो उताणा हाय."

त्यावर बाई म्हणाल्या, बघू. हे 'बघू' मला चांगलं माहीत आहे. चार बंगले जाणार होतेच, वर नाव खराब होणार होतं. बंगल्यावर काम करणाऱ्या बाईचं एकदा नाव खराब झालं की कुरवंड्यापासून पवनानगरपर्यंत कुणी तिला फाटकाच्या आत घेत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चाचांना डबी तपासायला पाठवलं. चाचा आले, चप्पल काढली, डबीला कान लावला, चाकं फिरवून बघितली. डबीशी एक शब्द बोलले नाहीत. डबीशी ते कधीच बोलत नसत. "कुलपाची चेष्टा आहे ही," एवढंच म्हणायचे.

"आक्का, आकडा सांगा."

"बाईंना इचारा. मी न्हाई सांगनार."

"मी आत जात नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"गेला न्हाई तरी न्हाई सांगनार."

ते हसले. खाली बघितलं. उंबऱ्यापाशी माझी रांगोळी होती. बराच वेळ बघत राहिले. मग चाकं फिरवली, एक, दोन, तीन, चार, आणि डबी उघडली. किल्ली बाहेर काढून त्यांनी माझ्यासमोर धरली.  मी तिथंच पायरीवर बसले.

"चाळीस वर्षं लोकांच्या उंबऱ्यावर बसतोय आक्का," ते म्हणाले. "मी जेवढ्या रांगोळ्या बघितल्या तेवढ्या बायकांनी बघितल्या नसतील. ठिपके कसे चढत जातात, मग उतरत जातात. तीनवर सात, सातवर दोन, अशी रांगोळी नसते. एकतर बाईला येत नाही, नाहीतर बाई काहीतरी लिहितेय. आणि तुम्हाला येत नाही असं मला वाटलं नाही."

"पन ह्ये दुसऱ्याला कसं कळंल?"

"पाहुण्याच्या हातात फोन, फोनवर आकडा. पायाशी तेवढेच ठिपके. शंभरात एकाचं लक्ष जातं. तो घरी जातो, आणि मधल्या वारी परत येतो. ठिपके मोजतो, अंघोळ करतो, चहा पितो. कप पण धुतो. चांगल्या घरचा असणार."

मी डोक्याला हात लावला. दोन वर्षं मी चार दारांवर आकडे लिहून ठेवले होते, तेही नक्षीसकट.

चाचांनी बाईंना फोन लावला. "बाई, दोष डबीचा आहे," एवढंच बोलले. माझं नाव घेतलं नाही. बाई तिकडून विचारत होत्या, आकडा फुटला कसा, आणि चाचा परत परत डबीलाच नावं ठेवत होते. ते माझ्यासाठी चाललंय हे मला कळत होतं. पण माझ्या वाटचं दुसऱ्यानं बोललेलं मला चालत नाही.

"फोन हिकडं द्या," मी म्हटलं. घेतला आणि बाईंना सगळं सांगितलं. ठिपके, ओळी, शून्याचं फूल, सगळं.

बाईंनी शून्याचं फूल परत विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो मावशी, तो रांगोळीचा फोटो मी जाहिरातीत टाकलाय! चारही बंगल्यांच्या! लोक विचारतात, कोण काढतं म्हणून!"

चाचा इतके हसले की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. मला हसू आलं नाही. नंतर आलं, घरी गेल्यावर.

बाईंनी काम काढलं नाही. पण ठरवलं की डब्या काढायच्या आणि चारही दारांना स्मार्ट लॉक लावायची. पाहुण्याला फोनवर आकडा जाणार, तो गेला की आकडा आपोआप मरणार. काम करणाऱ्यांना आकडा द्यायचाच नाही. त्यांचं बोट. बोट लावलं की दार उघडणार आणि कोण आलं, किती वाजता आलं, ते बाईंना पुण्यात कळणार. मी म्हटलं कार्ड बिर्ड असतं ना. बाई म्हणाल्या, कार्ड दुसऱ्याच्या हातात जातं, बोट जात नाही. रागावून नाही बोलल्या. पण मला जे कळायचं ते कळलं.

बाजारात सगळ्यांना वाटलं चाचा आता ओरडतील. किल्लीच संपली म्हणजे किल्लीवाल्याचं काय? शेजारचा चिक्कीवाला म्हणाला, "चाचा, आपल्याच पोटावर पाय?" पण चाचांनी तोवर फोनवर बघून बघून ते कुलूप शिकून घेतलं होतं. एक कुलूप विकत आणून लाकडी फळीवर ठोकलं होतं आणि दुकानात दिवसभर ते उघडबंद करत बसायचे. म्हणाले, "माझ्या दुकानात आजवर एक माणूस हसत आला नाही. किल्ली हरवली की येतो, दार लागून बसलं की येतो. तोंड पाडूनच. बंद होऊ दे की हा धंदा."

"मग तुम्ही काय करणार?"

"सेल बदलीन. लोक सेल बदलायला विसरणारच."

बसवायला आठ दिवस होते. पुढच्या शुक्रवारी पाहुणे. बोट नोंदवायचं म्हणून चाचांनी फळी माझ्यासमोर धरली आणि मी अंगठा लावला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. तर्जनी, मधलं बोट, सगळी बोटं. प्रत्येकाला लाल. मला नवल वाटलं नाही. रेशनच्या दुकानातही माझा अंगठा कधी लागत नाही, चारदा पुसायला लावतात. फिनेल, ब्लीचिंग, तारेचा काथ्या, तीस वर्षांत बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. चाचांनी माझी बोटं चष्म्याजवळ धरून बघितली. "सगळ्या किल्ल्यांचे दात झिजले, आक्का."

बाईंना कळलं. म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीच झालं तर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल मावशी. तुमचं वयही झालंय." परत बघू.

दुसऱ्या दिवसापासून चाचा रोज दुपारी सहा आसनी रिक्षात बसून कुरवंड्याला यायला लागले. फळी टॉवेलात गुंडाळलेली. मी म्हटलं आत या, चहा घ्या.

"नको, इथंच बरा आहे."

"आवो, माज्या घराला तुमचं कुलूप न्हाई. कडी हाय नुसती. मग?"

"उद्या बसवायची वेळ आली तर?"

उंबऱ्यावर बसून बशीतून चहा प्यायचे आणि माझी बोटं लावून बघायचे. भांडी घासायची नाहीत म्हणाले, मी सुनेला घासायला लावली. रात्री खोबरेल तेल लावून झोपले. काही उपयोग नाही. आळीतल्या बायका जमायच्या. शेजारणीनं मध्येच अंगठा लावला तर पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा. ती दिवसभर टीव्ही बघते, तिच्या रेघा कशाला जातील? "बघा, माजं लागतंय!" म्हणून ओरडली. मी म्हटलं, "मग जा की उद्या धा बाथरूमं घासायला." ती आत गेली. चाचांनी तिचा अंगठा लगेच कुलपातून काढून टाकला.

चाचा फळीला समजावत होते. "अरे, ओळख की. एवढी मोठी बाई समोर बसलीय." मला राग यायचा. यंत्राला विनवण्या करून काय होणार? मी म्हटलं, उद्यापासून येऊ नका, झालं ते झालं. ते दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. माझ्या मनात आलं, बरं झालं. खरं म्हणजे बरं वाटलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र ते बंगल्यावर आले. बुधवार होता, मी पोर्चमध्ये फडकं पिळत होते. मान वर केली तर फाटकाशी चाचा उभे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"तुमच्यात एक कामचुकार आहे, आक्का."

माझं डोकं भडकलं. "आजवर मला कुनी कामचुकार म्हनलं न्हाई."

"तुम्हाला नाही. तिला." त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं. "चार बोटं फडकं पिळतात, आणि ती करंगळी बाजूला उभी राहून बघते."

बघते तर खरंच. लहानपणी भात कापताना विळा लागला होता, तेव्हापासून ती करंगळी वाकत नाही. काहीही धरलं की बाहेर राहते. आई चिडायची, हिच्या हातात ताकद नाही म्हणायची. बोटं लावून बघताना मीही ती कधी मोजली नव्हती. लावायचं म्हणजे धड बोट लावायचं, मोडकं कशाला, असं डोक्यात होतं.

चाचांनी टॉवेल उलगडला. मी करंगळी पदराला पुसून फळीवर टेकवली. हिरवा दिवा. परत लावली. हिरवा. चाचांनी फळी उलटी धरली, तिरकी धरली. हिरवा, हिरवा.

"शाबास," चाचा म्हणाले. फळीला म्हणाले का करंगळीला, मी विचारलं नाही.

गुरुवारी त्यांनी चारही दारांना कुलपं बसवली. उंबऱ्यावर बसून, पाय बाहेर. डब्या काढल्या तिथं भिंतीवर चार भोकं राहिली, ती मी सिमेंटनं बुजवली. शुक्रवारी सकाळी चाचा बघायला आले, आणि त्यांच्यासमोर पहिल्या दाराला मी करंगळी लावली. आतून बारीक घरघर झाली आणि कुलूप इंग्रजीत काहीतरी बोललं.

"काय म्हनतंय?"

"म्हणतंय, आलात का."

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाई पुण्याहून बोलत होत्या. "मावशी, तुमचं नाव आलं बघा माझ्या फोनवर. नऊ वाजून दहा मिनिटं." चाचांनी ते नाव मराठीत घातलं होतं, आडनावासकट. तोवर त्या बंगल्यांत माझं नाव कुठंच नव्हतं, नुसती मावशी होती. पुढं एकदा पाहुण्यांची अंगठी हरवली, तेव्हा कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी फोन काढला आणि सांगून टाकलं, त्या दिवशी मावशी गेल्याच नव्हत्या. अंगठी पाहुण्यांच्याच बॅगेत सापडली. हे मला आवडलं. यंत्र चहाडी करतं म्हणतात, पण ते माझ्या बाजूनंही करतं.

त्या शुक्रवारीच मी चाचांना विचारून टाकलं की आत का जात नाही. इतकी वर्षं कुणी सरळ विचारलंच नव्हतं म्हणे.

"मी लावलेलं कुलूप मला उघडता येतं," ते म्हणाले. "ज्याला उघडता येतं त्यानं आत जायचं नसतं."

"मग मी रोज जाते त्याचं काय?"

"तुम्ही झाडायला जाता. ते वेगळं."

यावर्षी त्यांचे गुडघे गेले. उंबऱ्यावर बसले तर उठता येईना. लेक कोल्हापूरला असते, ती घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. समोरच्या फळ्या काढून दुकानाला साधं दार बसवलं होतं आणि फळीवरचं ते कुलूप आता त्या दाराला होतं.

"करंगळी लावा."

"मी कशाला?"

"इथली हवा ओली. किल्ल्या गंजतील. आठवड्यातून एकदा उघडा, झाडा, किल्ल्यांना तेलाचा हात फिरवा. पाय बरे झाले की येतोच आहे मी."

"आनि दुसरं कुनाचं बोट हाय ह्यात?"

"माझं. आणि तुमचं."

ज्या बाईनं चार घरांचे आकडे दारात मांडून ठेवले होते, तिचं बोट. मी तसं बोललेही. ते म्हणाले, "म्हणूनच. चूक झाल्यावर फोन मागून घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही." मग लगेच सेल कधी बदलायचे ते सांगायला लागले. बरं झालं. 

आता दर गुरुवारी बंगले आटोपले की मी बाजारात जाते, दार उघडते, झाडून काढते, तारेतल्या किल्ल्या पुसते. मी बोट लावलं की कोल्हापूरला त्यांना कळतं आणि पाच मिनिटांत फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, सांगतही नाहीत. गेल्या गुरुवारी म्हणाले, "आज दोनदा लावलंत. बोट ओलं होतं."

"पाऊस हाय हितं."

"पुसून लावत जा. किल्ल्या मोजल्या?"

"हायेत तेवढ्याच. पाय कसं हायेत?"

"जिना उतरलो काल. एकटा." मग म्हणाले, "उंबऱ्यावर रांगोळी काढता का हो?"

"काढली."

"किती ठिपके?"

"मोजायला या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.